मैत्रीची थकबाकी

साशंक : लग्नात आहेर घेताना कुणी ‘परत काय देणार?’ असं विचारत नाही. पण वहीत नाव आणि आकडा मात्र लिहिला जातो, आणि पुढच्या लग्नाला ती वही बाहेर येते. आपल्या संरक्षण करारांबद्दल मला नेमकी हीच धास्ती वाटते. भारत कोणत्याही लष्करी गटात नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. कागदोपत्री ते खरंही आहे. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असं ‘नाटो’छाप कलम आपण कुणाशीही केलेल्या करारात नाही. पण अमेरिकेशी चार पायाभूत करार झालेत : २००२ मध्ये लष्करी गोपनीयतेचा, २०१६ मध्ये रसदीचा, २०१८ मध्ये सुरक्षित संदेशवहनाचा, २०२० मध्ये नकाशे आणि भौगोलिक माहितीचा. रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली, फ्रान्सकडून राफेल विमानं घेतली, पाणबुड्यांचा आराखडा घेतला. या वस्तूंची किंमत आपण मोजतो, ती अर्थसंकल्पात दिसते. वहीत आपल्या नावापुढे जे लिहिलं जातंय, ते कुठे दिसतं?

समर्थक : ते दिसत नाही, कारण बऱ्याचदा ते असतच नाही. आपल्या इतिहासातला सगळ्यात मोठा आहेर घ्या. ९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी वीस वर्षांच्या भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. त्याचं नववं कलम काळजीपूर्वक वाचा. दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर ताबडतोब सल्लामसलत करायची, एवढंच त्यात आहे. लढायला येण्याचं वचन नाही. तरी त्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी, सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडवले गेले, आपल्या सैन्याला ढाक्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळाला, आणि ‘एन्टरप्राइझ’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली तरी तिचा वचक बसला नाही. बदल्यात आपण काय दिलं? लष्करी तळ दिला नाही, सैनिक दिले नाहीत, वॉर्सा करारात गेलो नाही. हा घाट्याचा सौदा म्हणायचा?

साशंक : घाट्याचा म्हणत नाही. पण फुकटचाही नव्हता. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी फौजा मागे घेण्याच्या ठरावाला पाठिंबा दिला, आपण तटस्थ राहिलो. अलिप्ततेचा धडा घेतलेल्या राष्ट्रांपैकीच एकाच्या अंगणात रणगाडे शिरले होते आणि त्या धड्याचे मास्तर आपण. मास्तरच बाकावर गप्प बसले. त्याआधी १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वेळीही आपण गप्पच होतो. तेव्हा तर करारही झालेला नव्हता. त्या गप्प बसण्यावरून अशोक मेहतांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. मंत्रिमंडळातल्या एका माणसाला तरी ती किंमत वाटली होती, हे विसरू नका. आणि २०२२च्या मार्चमध्ये युक्रेनवरच्या ठरावाला १४१ मतं पडली, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत आपण होतो. तळ न देता, सैनिक न देता मौन दिलं. मौन हेही चलनच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

समर्थक : गप्प बसण्यात आपलाही स्वार्थ होता हे तुम्ही सोयीस्कर वगळता. पण तो वाद बाजूला ठेवू. तुमचं म्हणणं, करार केला की थकबाकी चढते. मग करार नसताना काय होतं ते पाहू. १९६२ साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा आपल्यावर कुणाचंही देणं नव्हतं. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहिली, अमेरिकी वैमानिकांसकट लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या. अलिप्ततेचा पाया घालणाऱ्या माणसाला हे लिहावं लागलं. तिकडे मॉस्कोत काय चाललं होतं? क्यूबाचा पेच ऐन रंगात होता, चीनला दुखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून २५ ऑक्टोबरच्या ‘प्राव्दा’ने चीनची बाजू उचलून धरली. ज्यांच्याकडून मिग घ्यायचं नुकतंच ठरलं होतं, ते हे मित्र. आणि पश्चिमेकडून मदत आली, तिच्या मागोमाग अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस आले. चीनने गोळीबार थांबवून दहा दिवस होत नाहीत तोच काश्मीरवर पाकिस्तानशी बोला, असा आग्रह सुरू झाला. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्या बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झालं नाही, पण झाल्या. शांततेत केलेल्या करारात अपेक्षा मर्यादित असतात, त्या घासाघीस करून ठरवता येतात. घरात आग लागल्यावर पाणी मागायला गेलात, तर समोरचा आधी बांधाचा वाद काढतो.

साशंक : हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण शेजारी पाकिस्तानने शांततेतच करार केले होते. १९५४ मध्ये अमेरिकेशी परस्पर संरक्षण साहाय्याचा करार, मग ‘सीटो’ हा लष्करी गट, मग बगदाद करार. पेशावरजवळ बडाबेरला अमेरिकेला टेहळणीचा तळ दिला. गॅरी पॉवर्सचं यू-टू हे हेरगिरीचं विमान १ मे १९६०ला पेशावरहूनच उडालं. सोव्हिएत हद्दीत ते पडल्यावर ख्रुश्चेव्हने धमकावलं ते पाकिस्तानला. एवढं अंगावर घेऊन मिळालं काय? १९६५च्या भारत-पाक युद्धात अमेरिकेने दोन्ही बाजूंचा शस्त्रपुरवठा तोडला. पाकिस्तानची बहुतेक सगळी शस्त्रं अमेरिकी, त्यामुळे फटका त्यालाच जास्त. १९९० मध्ये अणुकार्यक्रमावरून अमेरिकी मदत थांबवणारी प्रेसलर दुरुस्ती लागू झाली. पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं अॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली, वर ती उभी करण्याचं भाडंही पाकिस्तानकडूनच घेतलं. शेवटी हिशोब मिटवला तो काही रोख देऊन आणि काही गव्हासारख्या मालात. अमेरिकेची अपेक्षा होती की ही शस्त्रं साम्यवादाविरुद्ध वापरली जातील. रावळपिंडीची अपेक्षा होती की ती भारताविरुद्ध वापरता येतील. एकाच कागदावर दोघांनी सही केली आणि वाचताना दोघांनी दोन वेगळे कागद वाचले.

समर्थक : आणि तुम्हाला वाटतं, आपलंही तेच चाललंय.

साशंक : वाटतं. वॉशिंग्टनला चीन म्हटला की तैवान आणि दक्षिण चिनी समुद्र दिसतो. दिल्लीला चीन म्हटला की लडाख आणि तवांग दिसतं. भारत-अमेरिका अणुकराराच्या वाटाघाटीत ज्यांचा हात होता, त्या अॅश्ली टेलिस यांनीच २०२३ मध्ये लेख लिहून अमेरिकी लोकांना बजावलं, की तैवानवरून युद्ध पेटलं तर भारत लढायला येईल अशा भ्रमात राहू नका. टेलिस मूळचे मुंबईचे आणि भारताचे हितचिंतक. त्यांना हे लिहावंसं वाटलं, याचाच अर्थ तिकडे तशी आशा धरणारे लोक आहेत. अपेक्षा ही अशी असते. कुणी ती पत्राच्या कागदावर लिहून पाठवत नाही, ती वातावरणात असते आणि एक दिवस अपेक्षाभंग होऊन बाहेर पडते.

समर्थक : पण एकदा तर त्यांनी चक्क मागितलं होतं! २००३ मध्ये इराकसाठी अमेरिकेला आपली एक डिव्हिजन हवी होती, सतरा हजारांच्या आसपास सैनिक. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात पाठवावं असं म्हणणारेही होते. १४ जुलैला सुरक्षाविषयक समितीने ठरवलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एरवी नाही. अमेरिका रुसली असेल, पण मैत्री तुटली का? दोन वर्षांच्या आत, २८ जून २००५ला दोन्ही देशांचे संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि रम्सफेल्ड यांनी दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात अणुकराराची घोषणा झाली. म्हणजे नाही म्हणता येतं. मोठ्या देशाला ‘नाही’ ऐकायची सवय लावावी लागते, एवढंच. २०१६ मध्ये रसदीचा करार करताना संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी हेच केलं. इंधन द्यायचं, दुरुस्ती करू द्यायची, पण तळ नाही आणि प्रत्येक वेळी परवानगी वेगळी. पुढे २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर आपल्या जवानांना कडाक्याच्या थंडीचे कपडे तातडीने मिळाले, ते याच कराराच्या वाटेने. आता अमेरिकी नौदलाची जहाजं दुरुस्तीला इथे येतात, आणि तशा करारावर २०२३ मध्ये माझगाव डॉकनेही सही केली आहे. दोघांचा फायदा आहे, त्यात वहीचा संबंध येतो कुठे?

साशंक : तोंडावर मागितलेलं नाकारता येतं, हे मान्य. पण खरी मागणी तोंडाने होत नाही. ती सुट्या भागांतून होते. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये निर्बंध लागले, तेव्हा आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. हेलिकॉप्टर ब्रिटिश, पण आतले काही भाग अमेरिकी. तेजस या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर काम करणारे आपले अभियंते न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला होते. त्यांना निघून जायला सांगितलं, सामान तिथेच अडकलं. आणि आज? नाशिकजवळ ओझरला जाऊन बघा. साठच्या दशकात मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिलेला कारखाना. पुढे तिथे सुखोई-३० बनली. आता तिथे तेजस मार्क-१एची जुळणी सुरू झाली आहे, आणि नाशकात घडलेलं पहिलं विमान १७ ऑक्टोबर २०२५ला उडालं. सांगाडा इथला, पंख इथले, जुळणारे हात इथले. इंजिन मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या लिनहून येतं. ९९ इंजिनांची मागणी नोंदवली २०२१ मध्ये, पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात हवाईदल मिग-२१ निवृत्त करत होतं आणि स्क्वाड्रनची संख्या घटत होती.

समर्थक : ते लांबलं ते राजकारणामुळे नव्हे. त्या इंजिनाची उत्पादनसाखळीच मागणी येण्याआधी बंद पडलेली होती, ती पुन्हा चालू करावी लागली. त्यात कोविडने पुरवठादारांची घडी विस्कटली. आणि उशीर करणारे एकटे अमेरिकीच आहेत का? ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच एस-४०० ठरली, तीन आली, उरलेली रखडली, कारण युक्रेनमध्ये रशियाला स्वतःलाच त्यांची गरज आहे. मित्राच्या मनात काळंबेरं नसतानाही त्याचं सामान उशिरा येतं.

साशंक : मग तर माझा मुद्दा अजून पक्का होतो. मन काळं असो की पांढरं, विमान जमिनीवरच राहतं ना!

(इथे लेखकाला तोंड घालायचा मोह आवरत नाही. आपल्याकडे शस्त्रखरेदीची चर्चा झाली की ती पहिल्या दिवसाची असते : किती विमानं, किती कोटी, स्वागताला पाण्याचे फवारे. विमान पुढची तीस-चाळीस वर्षं उडतं. त्या काळातल्या तेलापासून टायरपर्यंतच्या पुरवठ्यावर एखादा अग्रलेख आल्याचं आठवत नाही.)

समर्थक : म्हणूनच तर आपण सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचे आकडे आहेत : २०१० ते २०१४ या काळात आपल्या शस्त्र-आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, २०२० ते २०२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. फ्रान्स ३३ टक्क्यांवर पोहोचला. १९९८ मध्ये फ्रान्सने आपल्यावर निर्बंध लादले नव्हते, याची आठवण दिल्लीने ठेवली. २०१७ मध्ये पहिली पाणबुडी ‘कलवरी’ आणि जानेवारी २०२५ मध्ये सहावी ‘वागशीर’ नौदलात आली. आराखडा फ्रेंच, पण सहाही पाणबुड्या बांधल्या माझगावात. एका सावकाराकडे सगळं गहाण टाकलं तर तो डोक्यावर बसतो. चौघांकडे थोडंथोडं असलं तर कुणालाच तसं बसता येत नाही.

साशंक : चार सावकार म्हणजे चार अपेक्षा, आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्या. एस-४०० घेतलं म्हणून अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ कार्यक्रमातून काढलं, डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध घातले. तुर्कस्तान तर ‘नाटो’चा सदस्य. आपण त्यातून सुटलो ते चीनमुळे, आपल्या डोळ्यांकडे बघून नव्हे. मग २०२५ उजाडलं. रशियन तेल घेता म्हणून ऑगस्टमध्ये २५ टक्क्यांवर आणखी २५ चढवून आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क बसवलं. गंमत बघा. भांडण रशियाशी, विषय तेलाचा, आणि भुर्दंड कुणाला? अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिराला. त्याने ना एस-४०० मागितलं होतं, ना तेल. संरक्षण भागीदारीचं बिल संरक्षण खात्याच्या पत्त्यावर येईलच, असं नाही.

समर्थक : हे बोचतं, नाकारत नाही. पण करारबद्ध मित्रांनाही हेच सोसावं लागतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रान्सशी केलेला पाणबुड्यांचा करार मोडून अमेरिका-ब्रिटनशी संधान बांधलं. पॅरिसने वॉशिंग्टन आणि कॅनबेराहून आपले राजदूत परत बोलावले. अमेरिका आणि फ्रान्स ‘नाटो’च्या स्थापनेपासूनचे सोबती. म्हणजे कलमं असूनही माणूस तोंडघशी पडतो. मी तर पुढे जाऊन म्हणतो, आपण नेहमी स्वतःला घेणाऱ्याच्या जागी कल्पून बोलतो, हेच चुकतं. आता आपण देणारेही झालोत. फिलिपिन्सने २०२२ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रं मागवली, एप्रिल २०२४ मध्ये ती पोहोचू लागली. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं पिनाक रॉकेट-प्रक्षेपक आर्मेनियाने विकत घेतलं. आपणही कुणाच्या तरी वहीतलं ‘देणाऱ्याचं’ नाव आहोत.

साशंक : बरं झालं तुम्हीच विषय काढलात. मग सांगा, देणारा म्हणून आपण कसे वागतो? १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव आपल्या छत्रीधारी जवानांनी एका रात्रीत मोडला, पुढे हेलिकॉप्टरं दिली, विमान दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण धरून चाललो की माले आपल्याला विचारल्याशिवाय चीनकडे बघणार नाही. मुइझ्झू तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यांनी आपल्या सैनिकांना १० मे २०२४ची मुदत दिली. सैनिक परत आले, त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले. इकडे समाजमाध्यमांवर ‘कृतघ्न’ हा शब्द किती जणांनी लिहिला, आठवा. अमेरिकेच्या तोंडी हाच शब्द आपल्याबद्दल आला की आपल्याला साम्राज्यवादाचा वास येतो.

समर्थक : आलं लक्षात. पण त्यातून असंही निघतं, की मालदीवलाही ‘नाही’ म्हणता आलं.

साशंक : आलं. आता अवघड प्रश्न. दक्षिण चिनी समुद्रात उद्या चकमक झडली आणि मनिलाने आपली ब्रह्मोस डागली. दुसऱ्या आठवड्यात ते आणखी क्षेपणास्त्रं मागतील. द्यायची? दिली तर बीजिंगच्या दृष्टीने आपण लढाईत उतरलो. नाही दिली तर पुढे आपल्याकडून कुणी सुई घेणार नाही. शिवाय ब्रह्मोस निम्मी रशियाची, म्हणजे मॉस्कोचा होकारही हवा, आणि मॉस्कोची मदार आज चीनवर. हे क्षेपणास्त्र विकताना यातलं काय बोलणं झालं होतं?

समर्थक : झालं असेल. झालं असेल तरी ते जाहीर करता येणार नाही, आणि इथेच आपला खरा मतभेद आहे. सहकारी देशांना सैनिकांपेक्षाही एक गोष्ट जास्त हवी असते : अडचणीच्या दिवशी तुम्ही काय कराल, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. टोकियो, कॅनबेरा, वॉशिंग्टन, सगळ्यांचं भारताबद्दलचं गाऱ्हाणं हेच आहे. आणि आपली सारी किंमत आपण ते सांगत नाही यात आहे. तैवानच्या वेळी भारत काहीच करणार नाही, हे जाहीर केलं तर बीजिंग निश्चिंत. काहीतरी करू असं जाहीर केलं तर लडाखमध्ये उद्याच त्याचे पडसाद. अनिश्चितता हेच आपलं सगळ्यात स्वस्त शस्त्र आहे. ते संसदेत चर्चेला ठेवलं की त्याची धार जाते.

साशंक : शत्रूपासून लपवणं समजतो. ज्याच्या नावावर कर्ज काढलं त्याच्यापासून लपवणं समजत नाही. आपल्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी लागत नाही. सरकार सही करतं आणि विषय संपतो. अमेरिकेत मोठी शस्त्रविक्री आधी काँग्रेसला कळवावी लागते. आपला रशियाशी रसदीचा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. त्याला रशियन ड्युमाने डिसेंबरात मंजुरी दिली. तिथली लोकशाही काय लायकीची आहे ते आपण जाणतो, तरी कागद तिथल्या सभागृहात गेला. आपल्या लोकसभेत गेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने लक्षद्वीपजवळच्या आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रात न विचारता संचार केला आणि वर तसं जाहीर पत्रक काढलं. भागीदाराला आपल्याकडून काय अपेक्षित आहे, ते आपल्याला त्यांच्या पत्रकातून समजलं. उलट व्हायला हवं होतं.

समर्थक : समजा, संसदेत चर्चा झाली. गोपनीय समितीत का होईना. निष्कर्ष काय निघेल असं तुम्हाला वाटतं? रशियाला सोडा? अमेरिकेला सोडा? सोडलं तर ओझरच्या विमानात बसवायला इंजिन कुठून आणणार? कावेरी इंजिनावर १९८९ पासून काम चाललंय, तेजसला अजून ते बसलेलं नाही. स्वतःचं इंजिन नाही तोवर तुमची संसद फार तर थकबाकीची यादी वाचून दाखवेल, ती फेडण्याची वेगळी वाट तिच्याकडे नसेल.

साशंक : यादी वाचली तरी चालेल. निदान पुढची सही करताना हात जरा थबकेल.

समर्थक : थबकेल म्हणता? ५० टक्के शुल्क चालू असतानाच, ३१ ऑक्टोबर २०२५ला क्वालालंपूरमध्ये अमेरिकेशी पुढच्या दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर सही झाली. ७ नोव्हेंबरला तेजससाठी आणखी ११३ अमेरिकी इंजिनांचा करार झाला. आणि ४ डिसेंबरला पुतिन दिल्लीत उतरले, तेव्हा पंतप्रधान स्वतः विमानतळावर गेले होते.